गीझरचे वॅट तीन रीतींनी तीन वेगळे का येतात? आणि मोटरीला तेच सूत्र का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. १५ लिटरचा गीझर आहे, पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. प्लग काढून फेज आणि न्यूट्रलच्या पिनांना मल्टिमीटर लावला तर २६.९ ओहम दिसतात. गीझर लावण्याआधी सॉकेटवर २२२ व्होल्ट होते. गीझर सुरू झाल्यावर क्लॅम्प मीटरने ७.८५ अँपिअर दाखवले. व्होल्टला अँपिअरने गुणलं तर १७४३ वॅट येतात. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागलं तर १८३२ येतात. पाटी म्हणते २०००. खरं कोणतं? सॉकेटची एक पिन काळी का पडते? शेवटचा प्रश्न शेतातल्या ५ एचपी थ्री फेज मोटरीचा. दोन टोकांत ३.२ ओहम भरतात, म्हणजे ४१५ भागिले ३.२ करून १३० अँपिअर यायला हवेत. क्लॅम्प मात्र ८ दाखवतो.

गीझरचे तिन्ही आकडे चूक आहेत. त्यात खरोखर १६३० वॅटच्या आसपास जात आहेत. सूत्रं तुम्ही बरोबरच वापरलीत. घोटाळा एवढाच, की त्यात घातलेले आकडे एका जागचे आणि एका वेळचे नाहीत. २२२ व्होल्ट गीझर बंद असतानाचे, ७.८५ अँपिअर तो चालू असतानाचे. २६.९ ओहमांत मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स मिसळलेला. ज्या वस्तूचा करंट धरायचा, त्याच वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज धरायचं, आणि तेही तो करंट वाहत असताना. हे एवढं पाळलं की तिन्ही सूत्रं एकच उत्तर देतात.

आधी ओहमचा आकडा साफ करू. मीटर सगळ्यात खालच्या ओहम रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट टेकवा आणि काय दिसतं ते बघा. साध्या मीटरला ०.२ ते ०.५ दिसतं. तुमच्याकडे ०.४ दिसलं असं धरू. २६.९ मधून ते वजा केलं की राहिले २६.५. किलोओहमची वस्तू मोजताना या ०.४ कडे कोणी बघत नाही. पण इथे तो दीड टक्का आहे आणि मोटरीच्या ३.२ ओहमांत तोच साडेबारा टक्के होईल.

२६.५ बरोबर आहे का? पाटीवरून पडताळा घेता येतो. २३० चा वर्ग ५२९००, त्याला २००० ने भागलं की २६.४५. म्हणजे कॉइल जशी असायला हवी तशीच आहे. पाटीवरचा वॅटचा आकडा तंतोतंत नसतो हेही लक्षात ठेवा. तापवण्याच्या उपकरणांना मानकात वर ५ टक्के आणि खाली १० टक्के इतकी सूट असते. त्यामुळे २००० वॅटची कॉइल २५.२ पासून २९.४ ओहमपर्यंत काहीही भरली तरी ती ठीकच समजायची. १७.६ च्या आसपास भरली तर कोणीतरी ३००० वॅटची कॉइल बसवली आहे, आणि तिच्यासाठी वायर आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दोन्ही पुन्हा तपासायला हवेत. मीटरवर काहीच आलं नाही, म्हणजे ओएल दिसलं, तर लगेच कॉइल गेली म्हणू नका. पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असतं. पाणी गार झाल्यावर पुन्हा बघा. तरीही ओएल असेल तर थर्मल कटआउट (पाणी फार तापलं तर सर्किट तोडणारा सुरक्षेचा स्विच) उडालाय का ते बघायचं, कॉइलवर संशय त्यानंतर.

मल्टिमीटरचं हे माप कॉइल अखंड आहे एवढंच सांगतं. कॉइलमधून बॉडीला करंट गळतो का, हे त्यावरून कळत नाही, कारण मीटर आतून जेमतेम एक-दोन व्होल्ट देतो. ते ५०० व्होल्टच्या मेगरचं, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं काम. तिथे १ मेगाओहमच्या खाली आलं तर गीझर लावू नये.

आता आपल्याला हवं आहे गीझर चालू असताना कॉइलवरचं व्होल्टेज. त्यासाठी झाकण उघडून, लाइन चालू ठेवून टर्मिनलला प्रोब लावायची गरज नाही. ओल्या बाथरूममध्ये तर नकोच. ते व्होल्टेज तुमच्याच आकड्यांतून निघतं:

७.८५ अँपिअर × २६.५ ओहम = २०८ व्होल्ट

मग वॅट कोणत्याही वाटेने काढा. २०८ × ७.८५ केलं तर १६३३. २०८ चा वर्ग ४३२६४, भागिले २६.५, तरी १६३३. ७.८५ चा वर्ग ६१.६, गुणिले २६.५, पुन्हा १६३३. कॉइल तापल्यावर तिचा रेझिस्टन्स किंचित वाढतो, पण कॉइलच्या नायक्रोम तारेची वाढ मुळात कमी आणि गीझरची कॉइल पाण्यात बुडालेली असल्याने लाल होत नाही. त्यामुळे फरक एक-दोन टक्क्यांचा, म्हणजे कॉइलवर २०८ ऐवजी २१० किंवा २१२ असू शकतील.

आता मजेचा भाग. आधी २२२ होते, कॉइलला मिळतात २०८. मधले १४ व्होल्ट कुठे गेले?

काही खांबावरून घरापर्यंतच्या लाइनीत पडतात, काही घरातल्या वायरिंगमध्ये. दोन्ही वेगळे करायची सोपी युक्ती आहे. स्वयंपाकघरातलं असं सॉकेट घ्या, जे गीझरच्या एमसीबीवर नाही आणि ज्याच्या लाइनवर त्या वेळी काहीच चालू नाही. ज्या वायरीतून करंटच वाहत नाही, तिच्यात व्होल्टेज पडत नाही. म्हणजे ते सॉकेट तुम्हाला थेट मेन बोर्डावरचं व्होल्टेज दाखवतं, बोर्ड उघडल्याशिवाय. घरात थ्री फेज असेल तर सॉकेट गीझरच्याच फेजवरचं हवं. गीझर चालू असताना तिथे २१६ आले असं धरा. मग ६ व्होल्ट बाहेर पडले, ८ व्होल्ट घरात. बाहेरच्या सहाचं तुमच्या हातात फार काही नाही. घरातल्या आठांचं आहे.

८ व्होल्ट भागिले ७.८५ अँपिअर, म्हणजे बोर्डापासून गीझरपर्यंत १.०२ ओहमचा अडथळा आहे. वायरीवर लिहिलेला साइज वाचा. समजा १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची फ्लेक्सिबल वायर आहे आणि अंतर १५ मीटर. हिचा रेझिस्टन्स किलोमीटरला १३.३ ओहम असतो. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी ३० मीटर धरायची. हा दुपटीचा हिशेब विसरणारे पुष्कळ. ०.०३ × १३.३ = ०.४ ओहम. मग उरलेले ०.६२ ओहम कुठे आहेत? स्विच, सॉकेट आणि प्लगच्या पिना यांत. चांगल्या जोडणीत तिथे सगळं मिळून ओहमचा काही शतांश भागच असायला हवा.

त्या ०.६२ ओहमांत उष्णता किती होते ते काढा. ७.८५ चा वर्ग गुणिले ०.६२, म्हणजे ३८ वॅट. रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याहून जास्त उष्णता सॉकेटमधल्या पितळेच्या दोन पट्ट्यांत कोंडते आहे. पिन काळी पडण्याचं कारण हे, आणि हे दुखणं एका जागी थांबत नाही. तापल्याने पट्टीची स्प्रिंग ढिली होते, पितळेवर ऑक्साइड चढतं, रेझिस्टन्स आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. एमसीबी इथे पडत नाही. पडणार कसा? करंट तर वाढलेला नाही, उलट थोडा कमीच झालाय.

एमसीबी बंद करून, टेस्टरवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरने शून्य व्होल्ट बघून मग काम करा. सॉकेट आणि प्लग टॉप दोन्ही बदला. नुसतं सॉकेट बदललं तर जुनी काळी पिन नव्या पट्टीला काही महिन्यांत खराब करते. वायरीचा काळवंडलेला, कडक झालेला भाग कापून चकचकीत तांबं येईपर्यंत मागे जा. साधारण १२ मिलिमीटर सोला, तारा पिळून दुमडा आणि स्क्रूखाली पूर्ण बसवा. टोकाला सोल्डर लावून मग स्क्रू आवळण्याची सवय अनेकांना असते. ती चुकीची आहे, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू दबतं आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो. गीझर कायमचा एका जागी आहे, तेव्हा प्लग-सॉकेट काढून टाकून २० किंवा २५ अँपिअरचा डबल पोल स्विच लावला तर सगळ्यात बरं. वायरिंग कधी बदलणार असाल तर गीझरला किमान २.५ स्क्वेअर एमएम घाला. मग १५ मीटरला ०.४ ऐवजी ०.२४ ओहम होतील.

या सगळ्या हिशेबाचा ताळा वीज मीटरवर घेता येतो. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून एका लुकलुकीचे ११२५ ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, आणि मिनिटभर मोजा. ९० भरले तर ९० × ११२५ ÷ ६० = १६८८ वॅट. आपल्या हिशेबात गीझरचे १६३३, वायरीचे २५ आणि सॉकेटचे ३८ मिळून १६९६ होतात. एका लुकलुकीचा फरक जवळपास १९ वॅटचा असतो, तेव्हा हे जुळलं म्हणायचं. दोन-तीन मिनिटं मोजलंत तर आणखी जवळ जाईल. १६०० लिहिलेलं असेल तर एका लुकलुकीचे २२५० ज्यूल धरा.

कमी व्होल्टेजने बिल वाढतं का, असं गीझरबाबत नेहमी विचारलं जातं. जवळपास नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट लागतं, मग ते सावकाश द्या की भराभर. वेळ मात्र वाढतो, आणि चांगलाच, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. २३० व्होल्टला २१ मिनिटं लागत असतील तर २०८ ला २६, आणि व्होल्टेज १९० वर आलं तर तोच गीझर १३६० वॅटचा होऊन ३१ मिनिटं घेतो. बिलात भर पडते ती त्या वाढीव वेळात टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेची आणि वाटेत सॉकेट तापवण्याची.

क्लॅम्प मीटरबद्दल दोन शब्द. तो एकाच वायरीभोवती घालायचा. गीझरच्या तीन कोअरच्या अख्ख्या केबलभोवती घातला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून शून्य दाखवतो. लीकेज बघायचा तर अर्थची वायर बाहेर ठेवून फक्त फेज आणि न्यूट्रल जबड्यात घ्या. शून्य आलं नाही, काही मिलिअँपिअर आले, तर तो लीकेज आहे. छोटा करंट मोजायचा असेल तर मोकळी वायर क्लॅम्पच्या जबड्यातून दहा वेळा गुंडाळा आणि आकड्याला दहाने भागा. मल्टिमीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना सॉकेटमध्ये व्होल्टेज बघायला जाणं हा जिवावरचा खेळ आहे. त्या भोकात मीटर म्हणजे नुसता तारेचा तुकडा, सरळ शॉर्ट होतो. प्रत्येक वेळी प्रोब कुठे आहे हे बघूनच हात पुढे करा.

सूत्र कुठे फसतं तेही पाहू. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब हाताशी असेल तर थंड असताना मोजा. ४० ओहमच्या आसपास भरेल. त्यावरून २३० व्होल्टला तेराशे वॅट निघतात! पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स ५२९ ओहम असतो. टंगस्टन अडीच हजार अंशांच्या घरात तापतं आणि त्याचा रेझिस्टन्स तेरापट होतो. जागा तीच, पण वेळ वेगळी. म्हणून बल्बचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने काढायचाच नाही. पेटलेला असतानाच्या व्होल्टेजला करंटने भागून काढायचा.

चोकच्या ट्यूबलाइटचं दुखणं वेगळं. ३६ वॅटची ट्यूब ०.४३ अँपिअर घेते. २३० ने गुणलं तर ९९ येतात, पण चोकसकट खरे वॅट ५० च्या आतबाहेर असतात. इथे आकडे एका जागचे आहेत, एका मिनिटातले आहेत, पण एका क्षणाचे नाहीत. चोकमुळे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. व्होल्टेज वर असतं तेव्हा करंट वर नसतो. मीटर दोघांची आरएमएस (एक प्रकारची सरासरी) किंमत वेगवेगळी दाखवतो, हा उशीर दाखवत नाही. म्हणून ९९ हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. त्यांना पॉवर फॅक्टरने, इथे सुमारे ०.५ ने, गुणायचं. स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर यांतही हेच होतं, फक्त कारण वेगळं. ते करंट लहान लहान झटक्यांत ओढतात, त्यामुळे तिथे मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे अशा वेड्यावाकड्या करंटचीही खरी आरएमएस किंमत दाखवणारा, असल्याशिवाय अँपिअरचा आकडासुद्धा विश्वासाचा नाही. गीझर, इस्त्री, शेगडीची कॉइल यांचा पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून तिथे साधा गुणाकार चालून जातो.

आता मोटर. ३.२ ओहम हा तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स आहे. फिरत्या मोटरीत करंटला आवर घालण्यात त्याचा वाटा थोडा. खरा आवर घालतं ते वाइंडिंगमध्ये, म्हणजे त्या तारेच्या वेढ्यांत, उलट तयार होणारं व्होल्टेज. रोटर (मोटरीचा फिरणारा भाग) अडकला तर मोटर कितीतरी पट करंट का ओढते, हेही त्यावरून कळेल. तेव्हा थ्री फेज मोटरीचे वॅट असे काढायचे:

१.७३२ × ४१५ × ८ × ०.८ = ४६०० वॅट

०.८ हा पॉवर फॅक्टर, पाटीवर लिहिलेला असतो. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट, ते शाफ्टवर मिळणारे. ३७३० भागिले ४६०० केलं की ८१ टक्के कार्यक्षमता निघते. शेतीपंपाला हे रास्त आहे. तुमचे ८ अँपिअर बरोबर आहेत.

मग ते ३.२ ओहम वाया गेले का? मुळीच नाही. त्यावरून वाइंडिंगमध्ये किती उष्णता होते ते कळतं. दोन टोकांमधला रेझिस्टन्स × करंटचा वर्ग × १.५. जोडणी स्टार असो वा डेल्टा, हाच हिशेब. १.५ × ६४ × ३.२ = ३०७ वॅट. गावात रात्रीच्या पाळीला सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज ३५० वर येतं, तेव्हा काय होतं बघा. गीझरने कमी व्होल्टेजला करंट कमी केला होता. मोटर उलट वागते. पंपाला लागणारी ताकद फारशी कमी होत नाही, मग ती तेवढेच वॅट मिळवायला करंट वाढवते, ८ चे साधारण ९.५ अँपिअर होतात. वाइंडिंगमधली उष्णता ३०७ वरून ४३३ वॅटवर जाते, म्हणजे ४० टक्के जास्त. करंट दिसायला दीड अँपिअरच वाढला. अशा वेळी स्टार्टर पडतो म्हणून ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवणं म्हणजे वाइंडिंग जाळून मोटर भरायला टाकण्याची तयारी. सेटिंग पाटीवरच्या करंटएवढंच राहू द्या.

३.२ सारखा छोटा रेझिस्टन्स नेमका मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. स्टार्टरमधून मोटरीच्या वायरी सोडवा आणि दोन टोकांना १२ व्होल्टची बॅटरी लावा. एक मीटर १० अँपिअरवर सिरीजमध्ये, दुसरा मोटरीच्या अगदी टोकांवर व्होल्टेजला. १२.२ व्होल्ट आणि ३.८१ अँपिअर आले की ३.२ ओहम. व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवर घेतलंत तर जोडवायरीही हिशेबात येतील, आणि पुन्हा तीच सुरुवातीची चूक. बॅटरी सोडवण्याआधी व्होल्टमीटर काढून घ्या. वाइंडिंगचा करंट तोडताना बसणारा झटका मीटर खराब करू शकतो आणि हाताला चांगलाच जाणवतो. तिन्ही जोड्या अशा मोजा. त्या दोन-तीन टक्क्यांच्या आत एकसारख्या यायला हव्यात. एक जोडी ठळक वेगळी आली तर वेढे शॉर्ट आहेत किंवा आतली जोडणी सुटते आहे.

याच मापाने आतलं तापमानही कळतं. सकाळी गार मोटर ३० अंशांना ३.२ ओहम, तासन्‌तास चालवून बंद केल्याबरोबर ३.९. तांब्यासाठी २३४.५ मध्ये ३० मिळवा, ३.९ भागिले ३.२ ने गुणा, पुन्हा २३४.५ वजा करा. ८८ अंश. हे सगळ्या वाइंडिंगचं सरासरी तापमान, आतली सगळ्यात गरम जागा त्याहून वर असते.

शेवटी केबल, कारण शेतात व्होल्टेज पुष्कळदा तिथेच हरवतं. स्टार्टरपासून मोटर २०० मीटरवर असेल तर थ्री फेजला घट म्हणजे १.७३२ × करंट × एका कोअरचा रेझिस्टन्स. इथे लांबी दुप्पट धरायची नाही. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.९८ ओहम, म्हणून २०० मीटरला १.६. ८ अँपिअरला २२ व्होल्ट पडतात आणि ३०७ वॅट केबल तापवण्यात जातात. ४ स्क्वेअर एमएमला हेच १४ व्होल्ट आणि १९० वॅट. पण आधी मोटर चालू ठेवून स्टार्टरवरचं व्होल्टेज बघा. तिथेच ३५० असतील तर जाड केबल फार तर हे आठ व्होल्ट वाचवेल. बाकीची घट डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) किंवा त्यामागच्या लाइनीची आहे.